आर्थिक साक्षरतेचा सीएसआर प्रस्ताव: बायका कमी लिहा, भेटी जास्त मागा

प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर 'दहा हजार महिलांपर्यंत पोहोचणार' असं वाक्य दिसलं, की पुढचा कार्यक्रम डोळ्यासमोर येतो. ग्रामपंचायतीचा हॉल, मागे फ्लेक्स, दीड तासाचं भाषण, पोहे-चहा, हजेरीपटावर सह्या आणि अंगठे, शेवटी ग्रुप फोटो. माणशी खर्च शंभर-सव्वाशे रुपये. कंपनीच्या वार्षिक अहवालात आकडा शोभून दिसतो. सहा महिन्यांनी त्याच गावात त्याच बाईला विचारा, खात्याला वारस (नॉमिनी) कोण लावलाय? उत्तर येतं, "ते मालकांना ठाऊक."

तालुक्याच्या पातळीवर बचत गटांसोबत काम करणाऱ्या आणि कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी अर्ज करणाऱ्या लहान संस्थांसाठी हे लिहितो आहे. ऐकून कळतं ते थोडं. पासबुक हातात घेऊन, बँकेच्या खिडकीशी उभं राहून, हप्त्याची बेरीज स्वतः मारून जे कळतं ते टिकतं. त्यासाठी त्याच बाईकडे चार-पाच वेळा जावं लागतं आणि या परत जाण्याला पैसा लागतो. प्रस्तावातून पहिली कात्री नेमकी त्यालाच लागते.

आधी कायद्याचं, कारण कंपनीचा माणूस टेबलापलीकडून काय बोलतोय ते कळायला हवं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी पार झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. कुठे करायचे ते त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये दिलं आहे. त्या यादीत 'आर्थिक साक्षरता' हे शब्द नाहीत. म्हणून प्रस्तावात शिक्षण आणि उपजीविकेच्या कलमाचा आधार घ्या, जोडीला महिला सक्षमीकरण लिहा. नुसतं 'जागृती' लिहिलेला प्रस्ताव कंपनीच्या सीएसआर समितीत अडकतो.

संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी असायला हवी, आणि सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांक. तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे आणि फॉर्मवर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. कंपनीनं स्वतः काढलेल्या ट्रस्टची गोष्ट वेगळी, पण बाहेरच्या संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. संस्था नवी असेल तर जुन्या संस्थेसोबत जोडीनं अर्ज करा. परदेशातल्या मूळ कंपनीचा किंवा तिथल्या फाउंडेशनचा पैसा थेट येणार असेल तर प्रकरण एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं होतं. त्याचे नियम वेगळे, खातं वेगळं.

आता पाच टक्क्यांचा घोळ. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवा' असं सांगून संस्थेच्या अंदाजपत्रकातून समन्वयकाचा पगार उडवला जातो. नियमातली ही मर्यादा कंपनीसाठी आहे. कंपनीनं आपला सीएसआर विभाग चालवायला एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये, एवढाच तिचा अर्थ. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरला जात नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २५ ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. त्याची प्रत प्रस्तावाला जोडा. अंदाजपत्रकात 'प्रशासन' हे शीर्षकच ठेवू नका. 'प्रशिक्षिकांचं मानधन', 'गावभेटींचा प्रवास', 'पाहणी' असं कामाच्या नावानं लिहा.

दुसरा घोळ मार्चचा. बऱ्याच कंपन्यांना जानेवारीत जाग येते, फेब्रुवारीत दहा लाख जमा होतात आणि ३१ मार्चला पूर्ण रक्कम खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र मागितलं जातं. संस्थेला पैसे दिले म्हणजे कंपनीचा खर्च झाला असं नाही. संस्थेनं तो वापरला पाहिजे आणि तसं कंपनीच्या वित्तप्रमुखानं प्रमाणित करावं लागतं. म्हणून दबाव तुमच्यावर येतो. खोट्या तारखेची बिलं जमवण्याची सवय इथूनच लागते. पुढच्या ऑडिटमध्ये गळा संस्थेचा अडकतो, कंपनीचा नाही. यातून सरळ वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाच्या ठरावानं काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्यायचं. मग सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनी एका वेगळ्या खात्यात टाकते आणि तिथून हप्त्यानं देत राहते. हे करारात सुरुवातीलाच आलं पाहिजे. मार्चअखेर जितका खर्च खरोखर होणार तितकाच पहिला हप्ता मागा. एकदम सगळे पैसे घेण्याचा मोह नडतो.

प्रकल्पाचं वर्ष एप्रिल-मार्च असायलाच हवं, असं नाही. बीड, पाथर्डी, आष्टी या पट्ट्यात तर ते चालतच नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. डिसेंबरात तिथं बैठक लावली तर हजेरीपटावर सासूबाई. ज्या बाईच्या नावावर गटाचं कर्ज आहे ती कोल्हापूर-बेळगावकडे उसाच्या फडात. तिथं जून ते ऑक्टोबर एवढ्यात बैठका उरकायच्या आणि हंगामासाठी एकच काम द्यायचं: उचलीची वही. मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) आणि तारीख पहिल्या पानावर, मग रोजच्या खेपेचं वजन, मध्ये घेतलेली रक्कम, किराणा. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरली जाते आणि हिशेब नवऱ्याशी होतो. बाईचं अर्धं काम कुठल्याच कागदावर नसतं. वजनाच्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं एवढं जमलं, तरी हंगामाअखेर 'अजून अंगावर फिरतंय', म्हणजे उचल फिटली नाही, असं ऐकून घेताना तिच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. जाता जाता एक गोष्ट. सहकारी साखर कारखाना ही सहकारी संस्था असल्यानं कलम १३५ त्याला लागू होत नाही. खासगी कारखाना कंपनी असेल तर होतं. कुणाचं दार ठोठवायचं ते आधी बघा.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन ठिकाणी जाऊन या. एक, बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानाचा तालुका कक्ष. तिथं आर्थिक साक्षरतेच्या सख्या आधीच नेमलेल्या असू शकतात. दोन, जिल्ह्याचे अग्रणी बँक व्यवस्थापक. रिझर्व्ह बँकेनं २०१७ पासून सुरू केलेल्या आर्थिक साक्षरता केंद्रांमध्ये एका केंद्राकडे तीन तालुके असतात. त्यांची गावं आणि तुमची गावं तीच निघाली तर त्याच बाईची सही तीन हजेरीपटांवर पडते.

बैठकांमध्ये काय घ्यायचं? पहिली सोपी. प्रत्येकीला तीस चिंचोके द्या, म्हणजे महिन्याचे तीस दिवस. फरशीवर खडूनं गोल काढा: किराणा, दवाखाना, शाळा, हप्ते, आहेर, रिचार्ज, मिस्री-तंबाखू, देवधर्म. ज्या खर्चाला जितक्या दिवसांची कमाई जाते तितके चिंचोके त्या गोलात. पैशाचा आकडा कुणी उघड सांगत नाही, पण चिंचोके मांडताना हात अडखळत नाही. लग्नसराईत आहेराच्या गोलात किती पडले हे बघून बायका आपणच एकमेकींकडे बघतात. प्रशिक्षिकेनं तेव्हा गप्प बसावं. 'बघा, वायफळ खर्च' असं तिनं म्हटलं की बैठक संपली.

दुसरी बैठक कर्जाची. सर्वांत जास्त वेळ तिला द्या. शहरातून आलेले पाहुणे एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक शिकवतात. गावात आधी व्याज शिकवायला हवं. फळ्यावर एकच उदाहरण घ्या. ३०,००० रुपये, बारा महिने. एक जण म्हणतो, "शेकडा एकनं देतो." म्हणजे पूर्ण मुदलावर वर्षाचं १२ टक्के: ३,६०० व्याज, २,८०० चा हप्ता. गट म्हणतो, "शेकडा दोन, पण राहिलेल्या मुदलावर." ऐकायला गट दुप्पट महाग. आता बायकांनाच मांडू द्या: दरमहा २,५०० मुद्दल परत, पहिल्या महिन्यात व्याज ६००, दुसऱ्यात ५५०, तिसऱ्यात ५००, असं करत शेवटी ५०. बेरीज ३,९००. फरक फक्त तीनशेचा! त्यात 'शेकडा एक'वाल्यानं ६०० रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापून हातात २९,४०० दिले असतील, तर त्याचा एकूण खर्च ४,२००. शेकडा एक महाग पडला आणि शेकडा दोन स्वस्त. शिवाय गटाचं व्याज गटातच राहतं. वार्षिक दरात मांडलं तर त्या 'बारा टक्क्यां'चे साडेएकवीस होतात आणि शुल्क धरून पंचवीसच्या वर. पण टक्केवारी सांगण्याची घाई नको, बेरीज पुरते.

ही बेरीज त्यांना येते. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून नाकारला गेला होता. त्या शिकल्या, रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि 'व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटर न घेता करतील का' असं विचारून आल्या. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. तेव्हा आकडेमोड समजावण्यात वेळ घालवू नका; कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवण्यात घाला.

त्या कागदाबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या बँका आणि वित्त कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जावर मुख्य तथ्यपत्रक द्यावं लागतं. त्यात सगळं शुल्क धरून वार्षिक टक्केवारी असते. मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत: घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नकोत, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, उशीर झाल्यास दंड थकलेल्या रकमेवरच, आणि वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर येऊ शकत नाही. शेवटचा मुद्दा ऐकून बैठकीत हमखास कुजबुज होते. ती थांबवू नका. कोणत्या गावात काय चाललंय ते त्यातच कळतं. प्रत्येकीनं आपलं कर्जाचं कार्ड आणावं असा निरोप आधीच्या बैठकीत द्या, आणि आदल्या दिवशी पुन्हा द्या.

तिसरी बैठक पासबुकाची. तीन गोष्टी बोट ठेवून बघायच्या: खातं चालू आहे का, वारस लावलाय का, आणि मे महिन्याच्या शेवटी ४३६ व २० रुपये कापले गेलेत का. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती (आयुर्विमा), २० म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा (अपघात). दोन्हींत २ लाखांचं संरक्षण. गडबड इथं होते. दोन बँकांतल्या खात्यांवर तोच विमा काढलेला असला की हप्ता दोन्हीकडून जातो आणि दावा एकच मिळतो. खात्यात शिल्लक नसली की विमा गप्प बंद पडतो. आणि घरच्यांना विमा आहे हेच माहीत नसेल तर दावा कोण करणार? म्हणून पासबुकाच्या आतल्या पानावर पेनानं लिहायला लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका बँक खात्याला चार वारस लावता येतात. ही माहिती सांगताना वारस-नोंद म्हणजे मालकी हक्क नव्हे, पैसे कुणाच्या हाती द्यायचे एवढंच ते ठरवतं, हेही सांगा. नाहीतर भाऊबंदकीत तेल.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये आल्यापासून 'पैसे आले म्हणतात, पण माझ्या खात्यात नाहीत' हा प्रश्न प्रत्येक गावात आहे. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभासाठी त्याचं सीडिंग वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं, आणि पैसे तिथंच जातात. मग ते कधीकाळी काढलेलं विसरलेलं खातं का असेना. माय आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. बदलायचं तर बँकेत संमतीचा अर्ज. हे काम बैठकीत होत नाही, शाखेत जावं लागतं.

म्हणून शाखाभेट हे वेगळं काम म्हणून प्रस्तावात हवं. एका वेळी सहाच बायका. शाखाधिकाऱ्याला आदल्या दिवशी फोन. महिन्याचे पहिले दहा दिवस टाळायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी शाखेत गर्दी असते, पण बायका गावाबाहेर त्याच दिवशी पडतात. मी तरी बाजारचाच दिवस धरीन, सकाळी शाखा उघडताना. अर्ज बाईनं स्वतः द्यायचा. प्रशिक्षिकेनं खिडकीशी बोलायला सुरुवात केली की कारकून तिच्याशीच बोलतो आणि बाई पुन्हा मागे उभी.

चौथी बैठक मोबाइलची, थोडक्यात आटपते. पैसे यायला पिन लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. सराव मात्र तिच्याच फोनवर, दहा रुपयांचा.

आता नमुन्याचा हिशेब. चाळीस गावं, १२० गट, १,२०० बायका, बारा महिने. चार प्रशिक्षिका, त्याच भागातल्या, गटाचं दप्तर लिहिलेल्या. प्रत्येकीकडे दहा गावं, तीस गट. चार बैठका म्हणजे १२० बैठका, आठवड्याला चार धरल्या तर तीस आठवडे. उरलेल्यात शाखाभेटी. मानधन ९,००० प्रमाणे ४,३२,०००, प्रवास २,५०० प्रमाणे १,२०,०००, एक समन्वयक २२,००० प्रमाणे २,६४,०००, प्रशिक्षिकांचं सहा दिवसांचं प्रशिक्षण आणि महिन्याची उजळणी ६०,०००, १,२०० वह्या ४० रुपयांनी ४८,०००, फ्लिपचार्टचे पाच संच १२,५००, सुरुवातीची आणि शेवटची पाहणी ५०,०००, हिशेब-ऑडिट ६०,०००. एकूण १०,४६,५००. माणशी ८७२ रुपये. कंपनीचा माणूस हा आकडा बघून भुवया उंचावेल. तेव्हा त्याला शंभर रुपयांत काय मिळतं ते सांगा: एक सही. प्रवासभत्ता कापायला सांगितला तर बैठका कापा, गावं कापा, भत्ता ठेवा. भत्ता नसला की प्रशिक्षिका रस्त्यावरचीच गावं करते आणि तांड्यावर कुणी जात नाही.

देणारी कंपनी बँक, विमा किंवा वित्त क्षेत्रातली असेल तर करारात एक वाक्य घाला: बैठकीत कोणत्याही योजनेचा अर्ज भरून घेतला जाणार नाही. उत्पादनाच्या विपणनासाठी दिलेलं प्रायोजकत्व नियमांनुसार सीएसआरमध्ये बसतच नाही, त्यामुळे हे वाक्य कंपनीच्याही हिताचं आहे. फलकावर कृतज्ञता म्हणून नाव चालतं. जीएसटीच्या ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे जाहिरातीचा हेतू नसेल तर त्यावर कर लागत नाही. पण करारात कंपनीच्या जाहिरातीची जबाबदारी संस्थेवर टाकलेली असेल, तर अनुदानाची 'सेवा' होते आणि कराचा प्रश्न उभा राहतो.

पुरावा म्हणून आधारच्या झेरॉक्स मागितल्या जातात. 'आधारची प्रत कुणालाही देऊ नका' हे शिकवायचं आणि बाहेर पडताना तीच गोळा करायची! गटाचं नाव, सही आणि गटाच्या ठरावाची प्रत यांवर भागवा. अनुदानासाठी वेगळं बचत खातं काढा. त्यावरचं व्याजही त्याच प्रकल्पात दाखवावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात.

यशाचे निकष मोजता येतील असे द्या. 'जाणीव वाढली' नको. वारस लागलेली खाती किती, विम्याचा हप्ता एकाच खात्यातून जाणाऱ्या बायका किती, कर्जाच्या कागदावरचा वार्षिक दर बोट ठेवून दाखवणाऱ्या किती. दर गटातून एक, अशा १२० जणींना दोन्ही वेळा तेच प्रश्न विचारा. आणि शेवटची पाहणी मार्चमध्ये उरकू नका, कंपनीनं कितीही घाई केली तरी. जूनचा पहिला आठवडा धरा. पासबुकात ४३६ आणि २० छापून आलेले असतात, टोळ्या परतलेल्या असतात आणि मृगाची पेरणी अजून सुरू व्हायची असते.